फेनवे पार्कची हिरवी भिंत नक्की कुणाच्या बाजूची?

मोजपट्टी

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य ठरलेलं असतं: डावीकडची सीमा जवळ आहे म्हणून तिथे भिंत उंच केली. आकडे पाहिले तर पटतंही. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) लेफ्ट फील्डच्या, म्हणजे डाव्या सीमेच्या, खांबापर्यंत ३१० फूट. इतर बऱ्याच मैदानांवर हेच अंतर ३३० च्या आसपास असतं. त्याची भरपाई म्हणून ३७ फूट २ इंचांची भिंत, जिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात. साधारण साडेतीन मजले.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, या भिंतीने फायदा नक्की कुणाचा होतो, मारणाऱ्याचा की टाकणाऱ्याचा? दोन, एवढी अडचण होती तर शंभर वर्षांत कुणी ती सीमा मागे का सरकवली नाही? जाणकारांनी लिहावं. 'मैदानाचा आत्मा' वगैरे नको, फूट आणि इंचांत सांगा.

चौथी स्लिप

३१० फूट म्हणजे साडेचौऱ्याण्णव मीटर. याला 'जवळ' म्हणतात? क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे ८२ मीटर. आपल्याकडे एवढा लांब षटकार गेला की समालोचकाचा घसा बसतो.

बेसावध

@चौथी स्लिप, तुलना सरळ करता येत नाही. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. बॅट गोल, आणि चेंडू जमिनीवर न टप्पा पडता छातीच्या-मांडीच्या उंचीवर पूर्ण वेगात येतो. शिवाय मारायला फक्त ९० अंशांचा पाचर. लेट कट नाही, ग्लान्स नाही. त्यामुळे ३१० फूट तिथे खरंच जवळ आहे.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. 'जवळ आहे म्हणून उंच केली' हे अर्धवट खरं आहे. १९१२ साली भिंत बांधली तेव्हा होम रन (थेट सीमेपलीकडे मारलेला चेंडू, आपला षटकार) अडवणं हा मुद्दाच नव्हता. त्या काळचा चेंडू मऊ, एकच चेंडू डावभर वापरायचे, तिथपर्यंत नियमित पोचवणार कोण? अडचण जमिनीच्या तुकड्याची होती. मालक जॉन टेलर यांनी घेतलेला प्लॉट वेडावाकडा, आणि उत्तरेच्या अंगाला लान्सडाउन स्ट्रीट हा रस्ता आधीपासून होता. मैदानाची दिशाही ठरलेली होती, कारण सामने दुपारचे. बॅटरच्या डोळ्यांत मावळता सूर्य येऊ नये म्हणून होम प्लेट नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आणि सेंटर फील्ड ईशान्येला. ही दिशा धरली की लेफ्ट फील्ड आपोआप त्या रस्त्यावर जाऊन आदळतं.

मग २५ फुटांची लाकडी भिंत उभी राहिली. मुख्य काम, पलीकडून फुकट बघणाऱ्यांना अडवणं. तरी उद्घाटनानंतर सहाच दिवसांत, २६ एप्रिलला, ह्यू ब्रॅडलीने त्यावरून चेंडू घालवलाच.

अनुस्वार

छान माहिती. जोड म्हणून: उद्घाटनाचा सामना २० एप्रिल १९१२. पावसाने दोन दिवस आधीचा बेत बुडाला होता. पाहुणे होते न्यूयॉर्क हायलँडर्स, जे पुढे यांकीज झाले. बॉस्टन ११ व्या इनिंगमध्ये ७-६ ने जिंकलं. पण १५ एप्रिलला टायटॅनिक बुडालेलं, त्यामुळे वर्तमानपत्रांना नव्या मैदानाचं कौतुक करायला फुरसत नव्हती.

बेसावध

आणि एक राहिलंच. भिंतीच्या पायथ्याशी रस्त्याची पातळी आणि मैदानाची पातळी यांत फरक होता, म्हणून लेफ्ट फील्डला सुमारे १० फूट उंचीचा मातीचा चढ ठेवलेला होता. भिंतीच्या लांबीभर. लेफ्ट फील्डर चेंडूवर नजर ठेवून उलटा पळत त्या चढावर चढायचा. डफी लुईस हे इतकं सफाईने करायचा की त्या चढाला 'डफीज क्लिफ' नाव पडलं. गर्दी झाली की प्रेक्षकांना त्याच उतारावर बसवायचे, म्हणजे क्षेत्ररक्षण आणि गॅलरी एकाच ठिकाणी.

सुपारीबहाद्दर

उलट पळत डोंगर चढायचा आणि वर झेलही घ्यायचा. पावनखिंडीत नेमणूक व्हायला हवी होती यांची.

हिरवा चाफा

आजची भिंत १९३४ ची आहे, १९१२ ची नव्हे, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. मधली वीस वर्षं या मैदानाने फार हाल काढलेत.

१९१९ च्या डिसेंबरमध्ये मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला यांकीजना विकलं ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच व्यवहारात यांकीजच्या मालकाने फ्रेझींना तीन लाख डॉलर कर्ज दिलं आणि तारण म्हणून फेनवे पार्क लिहून घेतलं, हे कमी जणांना माहीत असतं. म्हणजे काही काळ कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या कपाटात तुमच्या मैदानाचं गहाणखत.

मे १९२६ मध्ये आग लागून डावीकडची लाकडी बाकं जळाली. तेव्हाच्या मालकाकडे पैसा नव्हता, म्हणून ती जागा बरीच वर्षं तशीच मोकळी राहिली. त्याचा खेळावर परिणाम काय, तर फाउल (रेषेबाहेर) गेलेल्या उंच चेंडूमागे धावत खेळाडू थेट ग्रँडस्टँडच्या मागे जाऊन झेल घेऊ शकत होते.

१९३३ साली टॉम यॉकी यांनी संघ विकत घेतला आणि मोठी डागडुजी काढली. काम चालू असतानाच ५ जानेवारी १९३४ ला पुन्हा आग. तरी एप्रिलमध्ये मैदान उघडलं. डफीज क्लिफ जवळजवळ सपाट झालेला, लाकडी भिंत जाऊन ३७ फुटी पत्र्याची आलेली, तिच्यात हाताने चालवायचा धावफलक बसवलेला. ग्रँडस्टँडमधल्या ओकच्या निळ्या खुर्च्या त्याच वर्षीच्या.

पडवळ

मग हिरवी कधी झाली? १९३४ मध्येच का?

हिरवा चाफा

नाही, १९४७. तोवर भिंतभर जाहिराती होत्या. दाढीची पाती, व्हिस्की, आणि आपल्या ओळखीचा लाइफबॉय साबण. १९४७ ला सगळं पुसून एकच हिरवा रंग दिला. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे त्याच वर्षी, पहिला सामना १३ जूनला.

सुपारीबहाद्दर

तंदुरुस्तीची रक्षा करतो लाइफबॉय, लेफ्ट फील्डची रक्षा करतो लाइफबॉय. हे माहीत नव्हतं, वाचनखूण साठवली आहे.

डावखुरा

इतिहास उत्तम चाललाय, पण मूळ प्रश्न फायद्याचा होता. भिंतीचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती उंच, लटपटता फटका वाढवते आणि सपाट, कडक फटका कापते.

दोन चेंडू डोळ्यांसमोर आणा.

पहिला: खालच्या अंगाला बॅट लागून उंच गेलेला, भिंतीच्या थोडा पलीकडे खाली येणारा चेंडू. दुसऱ्या मैदानावर लेफ्ट फील्डर चार पावलं मागे जाऊन तो झेलतो. फेनवेवर तो भिंतीच्या वरच्या भागाला घासून खाली पडतो किंवा वरून पलीकडे जातो. २ ऑक्टोबर १९७८ चा बकी डेंटचा फटका या जातीचा. यांकीजच्या या शॉर्टस्टॉपकडून (आतल्या फळीतला क्षेत्ररक्षक) होम रनची अपेक्षा कुणालाच नव्हती, आणि त्या एका फटक्याने बॉस्टनचा हंगाम संपला.

दुसरा: बॅटच्या मध्यावर बसलेला, जमिनीपासून २०-२५ फुटांवरून सरळ जाणारा चेंडू. ३३० फूट आणि ८ फुटी कुंपण असलेल्या मैदानावर हा सहज होम रन. फेनवेवर तो भिंतीच्या मध्यावर आपटून मैदानात परत येतो. फटका जितका कडक तितका परतीचा वेग जास्त, त्यामुळे कित्येकदा बॅटरला पहिल्याच बेसवर (धाव पुरी करायला गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिल्यावर) थांबावं लागतं. भिंत खरवडणारा एकेरी फटका! अशी शिक्षा दुसरीकडे कुठे नाही.

म्हणून 'छोटं मैदान, होम रनचा पाऊस' हा समज चूक. फेनवेवर वाढतात ते डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारे फटके.

चौथी स्लिप

म्हणजे चांगल्या फटक्याला दंड आणि मिसहिटला बक्षीस. आमच्याकडे टॉप एजचा षटकार असतो, तसंच.

मोजपट्टी

@डावखुरा, हेच हवं होतं. पण मग उजव्या हाताच्या बॅटरने तिथे मुद्दाम उंच मारायला शिकावं ना?

डावखुरा

शिकतात आणि तिथेच फसतात. भिंत दिसली की प्रत्येक चेंडू डावीकडे ओढायचा मोह होतो. पिचर (चेंडू टाकणारा) बाहेरच्या कडेला चेंडू टाकत राहतो आणि बॅटर तो ओढायला जाऊन शॉर्टस्टॉपकडे सरपटी देतो. खरा फायदा घेतला तो डावखुऱ्यांनी, पण उलट्या बाजूने. वेड बॉग्ज हा त्याचा नमुना. चेंडू उशिरा, आतून बाहेर, भिंतीवर लावायचा आणि दुसऱ्या बेसवर उभं राहायचं. त्याची कारकिर्दीची सरासरी .३२८ (हजार संधींत ३२८ यशस्वी फटके), फेनवेवरची .३६९.

उत्तररंग

डावखुऱ्यांबद्दल थोडं असहमत. सगळे लेख भिंतीचे, आणि उजवी बाजू कुणी बघतच नाही. राइट फील्डचा खांब ३०२ फुटांवर, डावीकडच्यापेक्षाही जवळ! पण कुंपण तिथून झपाट्याने मागे वळतं आणि राइट-सेंटरला ३८० फूट होतं. पुढे बुलपेनच्या (राखीव पिचरची सरावाची जागा) टोकाजवळ, सेंटरच्या बाजूला, एक त्रिकोणी खाच आहे, ती ४२० फूट. म्हणजे ओढून मारणारा डावखुरा इथे तोट्यात. बॉस्टनच्या डावखुऱ्या टेड विल्यम्सचे ५२१ होम रन पाहा: घरच्या मैदानावर २४८, बाहेर २७३. तेही १९४० मध्ये राइट फील्डसमोर बुलपेन बांधून सीमा २३ फुटांनी अलीकडे आणल्यावर. त्या बदलाला लोक चेष्टेने 'विल्यम्सबर्ग' म्हणायचे, कारण सोय कुणाची ते उघड होतं.

तेव्हा 'भिंत कुणाची' या प्रश्नाला एकट्या भिंतीपुरतं उत्तर नाही. मैदान डावीकडे आखूड आणि उंच, उजवीकडे खोल आणि बुटकं आहे. बुलपेनचं कुंपण जेमतेम ५ फूट.

अनुस्वार

त्या ५ फुटी कुंपणावरून डेट्रॉइटचा टोरी हंटर २०१३ च्या लीग अंतिम मालिकेत चेंडूमागे झेपावत अख्खा पलीकडे पडला. पाय वर, आणि शेजारी उभ्या पोलिसाचे आनंदाने हात वर. बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा तो ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर धावपटू असतानाचा होम रन) होता. एकाच फोटोत दोन्ही संघांची हकिगत.

पडवळ

ते ३०२ फुटांवरच्या खांबाला पेस्कीज पोल म्हणतात ना? पेस्की फार मोठा मारणारा असणार.

उत्तररंग

अजिबात नाही, गंमत तीच आहे. जॉनी पेस्कीचे आख्ख्या कारकिर्दीत १७ होम रन, त्यातले फेनवेवर ६. नाव अधिकृत झालं २००६ मध्ये, त्याच्या ८७ व्या वाढदिवशी. डावीकडच्या खांबाला कार्लटन फिस्कचं नाव, १९७५ च्या वर्ल्ड सीरिजमधल्या (अजिंक्यपदाची मालिका) सहाव्या सामन्यातल्या १२ व्या इनिंगच्या होम रनसाठी. तो चेंडू याच खांबावर आपटला.

बेसावध

क्षेत्ररक्षणाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर. लेफ्ट फील्डरचं घराणंच आहे तिथे: विल्यम्स, यास्त्रेम्स्की, राइस. काम काय असतं?

उभं राहायची जागा इतर मैदानांपेक्षा बरीच पुढे, कारण मागे पळायला जागाच नाही. चेंडू बॅटवरून निघाला की पहिल्या सेकंदात ठरवायचं, हा भिंतीच्या वरच्या अर्ध्यात लागणार की खालच्या. वर लागणार असेल तर भिंतीकडे धावायचं नाही. भिंतीपासून दूर राहून उसळी घ्यायची आणि थेट दुसऱ्या बेसवर फेक. नवखा खेळाडू नेमकं उलट करतो, भिंतीला चिकटतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून परत मैदानात. हे ओळखून सेंटर फील्डरने मागून आधार द्यायला धावायचंच असतं.

यास्त्रेम्स्की एक लबाडी करायचा. चेंडू भिंतीवर लागणार हे कळूनही सहज झेल घेणार असल्यासारखा निवांत उभा राहायचा. बेसवरचा धावपटू थबकला की मागे वळून उसळी उचलायची आणि फेकायची.

भिंतीचा पृष्ठभागही एकसारखा नाही. १९३४ चा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला होता. पत्र्यामागे लाकूड असेल तिथे चेंडू जोरात परत यायचा, पोकळ असेल तिथे मेल्यासारखा खाली पडायचा. वर्षानुवर्षं पोचे पडून आणखी अनिश्चितता. १९७६ मध्ये पत्रा काढून कडक प्लॅस्टिकची फळी लावली, तेव्हा उसळी बरीच सारखी झाली. पण धावफलकाचा भाग अजून धातूचा आहे, तिथे चेंडू वेगळाच वागतो. पायथ्याचं जाड गादीचं आवरणही १९७६ चंच. १९७५ च्या त्याच सहाव्या सामन्यात फ्रेड लिन सेंटरच्या भिंतीवर आदळून निपचित पडला होता, त्यानंतर आलेली अक्कल.

चौथी स्लिप

दंडवत. यास्त्रेम्स्कीची लबाडी म्हणजे झेल येणार नसताना झेलाची नक्कल! आता क्रिकेटमध्ये फलंदाजाला असं फसवण्यावर ५ धावांचा दंड आहे.

अडकित्ता

भिंतीवर एक शिडी पण दिसते फोटोत. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर सुरू होते. ती कशाला?

हिरवा चाफा

१९३६ मध्ये भिंतीच्या वर २३ फूट जाळी लावली, लान्सडाउन स्ट्रीटच्या काचा वाचवायला. त्या जाळीत अडकलेले चेंडू काढायला मैदानाचे कर्मचारी शिडीने वर जायचे. २००३ मध्ये जाळी काढून तिथे खुर्च्या बसवल्या. शिडीला काही काम उरलं नाही, पण ती तशीच आहे, आणि खेळाच्या हद्दीत आहे. चेंडू शिडीला लागून मैदानाबाहेर उडाला तर दोन बेस, असा या मैदानाचा खास नियम आहे. धावफलकाच्या फटीत चेंडू अडकला तरी दोनच.

अडकित्ता

आणि धावफलक खरंच आतून माणसं चालवतात? २१ व्या शतकात?

खडूफळा

हो. भिंतीच्या पोटात एक अरुंद बोळ आहे, सिमेंटचा, उन्हाळ्यात भट्टी आणि एप्रिलमध्ये बर्फ. आत स्वच्छतागृह नाही. बारीक खाचांतून खेळ बघायचा आणि पाट्या बदलायच्या. धावा आणि हिट्सच्या पाट्या १६ बाय १६ इंचांच्या, वजन ३ पौंड, म्हणजे साधारण १.४ किलो. चुका, इनिंग आणि पिचरचा क्रमांक यांच्यासाठी लहान, १२ बाय १६ इंच, २ पौंड. बॉल, स्ट्राइक आणि आउट यांची मोजणी मात्र लाल-हिरव्या दिव्यांनी.

चालू सामन्याचे आणि अमेरिकन लीगचे (बॉस्टनच्या स्वतःच्या लीगचे) आकडे आतून बदलता येतात. दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगचा भाग १९७६ मध्ये काढून टाकलेला, तो २००३ ला परत आला, पण त्याच्यामागे बोळ नाही. त्यामुळे दोन इनिंगच्या मध्ये कर्मचारी शिडी घेऊन मैदानावर येतात आणि समोरून पाट्या लावतात. टीव्हीवर तेव्हा जाहिरात असते, म्हणून बहुतेकांना हे दिसतच नाही.

आणखी एक बारकावा. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या रेघा नीट पाहा. त्यांत ठिपके आणि डॅश आहेत, तो मोर्स कोड आहे. एक डॅश, मग ठिपका-डॅश, मग डॅश-ठिपका-डॅश-डॅश: टी, ए, वाय. टॉम यॉकींची आद्याक्षरं. दुसऱ्या रेघेत त्यांच्या पत्नी जीन यांची, जे, आर, वाय.

सुपारीबहाद्दर

'आत स्वच्छतागृह नाही' वाचून आठवलं, जुलै २००५ मध्ये बॉस्टनचा लेफ्ट फील्डर मॅनी रामिरेझ पिचरशी सल्लामसलत चालू असताना त्या फलकाच्या दारातून आत गेला होता आणि खेळ सुरू होता होता बाहेर आला. आत काय केलं यावर लोक अजून वाद घालतात. खडूफळा यांच्या माहितीनुसार एक शक्यता तर बाद झाली.

पडवळ

😂😂

घडीची खुर्ची

पुढच्या जूनमध्ये बॉस्टनला जाणाऱ्यांनी तिकीट कुठलं काढावं? संकेतस्थळावरचे नकाशे पाहून डोकं गरगरलं. थोडं व्यावहारिक सांगा.

उत्तररंग

सांगतो. ग्रँडस्टँडचे विभाग १ पासून ३३ पर्यंत, उजव्या कोपऱ्यातून होम प्लेटमागून डाव्या कोपऱ्यात. ३४ ते ४३ म्हणजे सेंटर आणि राइटच्या उघड्या, बिनछताच्या बैठका, ब्लीचर्स.

ग्रँडस्टँडचं छत लोखंडी खांबांवर आहे. वानखेडेचं २०११ च्या विश्वचषकाआधी नवं केलेलं छत मागून तोललेलं आहे, मध्ये खांब नाही. फेनवेला ती चैन नाही. चुकीची खुर्ची मिळाली तर पिचर किंवा होम प्लेट यांपैकी एक खांबाआड. तिकिटावर 'दृश्य अडलेलं' असा शेरा असेल तर तो गांभीर्याने घ्या. शेरा नसला तरी अगदी मागच्या रांगा टाळा, छताची कड खाली येते आणि उंच गेलेला चेंडू दिसेनासा होतो.

विभाग १ ते ८ च्या खुर्च्या होम प्लेटकडे नाही, सेंटर फील्डकडे तोंड करून आहेत. तीन तास मान डावीकडे. ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या अरुंद आणि पुढे गुडघ्याला जागा कमी, उंच माणसाने रांगेच्या टोकाची घ्यावी. ब्लीचर्समध्ये दुपारी चारनंतर सूर्य थेट डोळ्यांत, राइट फील्डरला जो त्रास तोच तुम्हाला. भिंतीवरच्या खुर्च्या महाग, पण तिथून खाली बघताना लेफ्ट फील्डरचा सगळा हिशोब कळतो. फक्त भिंत दिसत नाही, कारण तुम्ही तिच्यावर बसलेले असता.

केनमोर स्टेशनला उतरा, ग्रीन लाइन. गाडी नेऊ नका. पाठीवरची बॅग आत घेऊन जाता येत नाही.

घडीची खुर्ची

मनापासून आभार. मैदानाची क्षमता दोन ठिकाणी दोन दिसते, ३७,३०५ आणि ३७,७५५. चूक कुणाची?

खडूफळा

दोन्ही बरोबर. पहिला आकडा दिवसाच्या सामन्याचा, दुसरा रात्रीचा. दिवसा सेंटर फील्डमधला एक विभाग काळ्या आच्छादनाने झाकतात. पिचरच्या हातामागे पांढरे शर्ट दिसले तर बॅटरला चेंडू सापडत नाही. आपली साइट स्क्रीनच, फक्त ४५० तिकिटांचं नुकसान सोसून.

अडकित्ता

ब्लीचर्समध्ये एकच लाल खुर्ची आहे म्हणतात?

उत्तररंग

विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सचा चेंडू तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती हॅटवर पडला. नोंद ५०२ फूट, १५३ मीटर. तेव्हा तिथे बाकं होती, खुर्च्या नंतरच्या, आणि लाल रंग १९८४ चा. ऑर्टिझसारख्या ताकदवान डावखुऱ्यानेही 'इतक्या लांब जाणं शक्य नाही' म्हटलंय. त्या दिवशी वारा मदतीला होता, हे जमेस धरलं तर अशक्य वाटत नाही.

मोजपट्टी

लांबीचा विषय निघालाच आहे तर, ३१० हा आकडा तरी खरा का?

खडूफळा

नाव सार्थ केलंत. अनेक वर्षं भिंतीवर ३१५ लिहिलेलं होतं आणि संघ कुणाला मोजू देत नसे. १९७५ मध्ये बॉस्टन ग्लोबने हवाई छायाचित्रांवरून ३०४.७७९ फूट काढलं. तीन दशांश स्थळांपर्यंत, काय तो आत्मविश्वास! १९९५ मध्ये पुन्हा टेप लावून ३०९ फूट ३ इंच भरलं, आणि त्याच वर्षी पाटी बदलून ३१० झाली.

बेसावध

आता धाग्याचा दुसरा प्रश्न, सीमा मागे का नेली नाही. मागे रस्ता आहे, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: १ जून १९५८ नंतर बांधलेल्या व्यावसायिक मैदानाला नियमाने दोन्ही रेषांवर किमान ३२५ आणि सेंटरला ४०० फूट लागतात. फेनवे त्याआधीचं म्हणून सूट. पाडून बांधलं की सूट जाण्याची भीती. १९९९ मध्ये तेव्हाच्या मालकांनी शेजारी नवं मैदान आणि त्यात भिंतीची नक्कल, असा बेत जाहीर केला होता. लोकांनी विरोध केला, पैशांचं जमलं नाही, २००२ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांनी जॅनेट मरी स्मिथ यांच्याकडे डागडुजी सोपवली आणि पाडायचं नाही असं ठरलं. जागा वाढवली ती वरच्या दिशेने: २००३ भिंतीवर, २००४ उजव्या छतावर. सामन्याच्या दिवशी बाहेरचा जर्सी स्ट्रीटच आत घेतला, म्हणजे खाण्याच्या रांगांना जागा झाली.

जमीनही साधी नाही. तो भाग मुळात दलदल. शेजारचा बॅक बे तर भराव टाकून केलेला, आपल्या बॅकबेसारखाच, ज्याच्या भरावावर १९३७ मध्ये ब्रेबॉर्न उभं राहिलं. २००४-०५ च्या हिवाळ्यात फेनवेची सगळी हिरवळ उखडून खाली नव्याने निचऱ्याची सोय करावी लागली. तोवर जोराचा पाऊस आला की आउटफिल्डमध्ये तळं.

डावखुरा

फायद्याच्या प्रश्नात एक मुद्दा सगळ्यांचा राहिला, माझाही. फाउलची जागा! प्रेक्षक रेषेला इतके चिकटून आहेत की इतर मैदानांवर झेल होणारे कित्येक उंच फाउल इथे खुर्च्यांत पडतात. आउट व्हायचं ते झालं नाही, बॅटर परत उभा. दर सामन्यात अशी दोन-तीन जीवदानं धरा. मला विचाराल तर पिचरला भिंतीपेक्षा हेच जास्त छळतं, फक्त याला टोपणनाव नाही म्हणून कुणी फोटो काढत नाही.

उत्तररंग

+१. फक्त डावीकडे फाउल रेषेवरचा कोपरा मोजा. तिथे प्रेक्षकांची भिंत आत घुसते. रेषेलगत सरपटत आलेला चेंडू तिला लागून लेफ्ट फील्डरपासून लांब पळतो. इथेही टोपणनाव नाही.

मोजपट्टी

म्हणजे माझा हिशोब असा: भिंत उंच फटका देते, सपाट फटका घेते, साधारण फिट्टंफाट. उजवी बाजू डावखुऱ्याकडून घेते. फाउलची जागा सगळ्यांना देते. एकूण मारणाऱ्याच्या पारड्यात, पण भिंतीमुळे नव्हे.

डावखुरा

फिट्टंफाट नाही, डबल विसरलात. बाकी मान्य.

सुपारीबहाद्दर

३०९ फूट ३ इंचांच्या जागी ३१० लिहिलं ते ९ इंच कुणाच्या पारड्यात टाकायचे?

खडूफळा

रंगाऱ्याच्या.